भांडून घेतलेली सुट्टी

माझी आत्या गाण्यांचे दौरे चालवते. हे वाक्य आमच्या घरात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. बाबा पाहुण्यांना सांगतात, "बहीण ना, ती संगीतात असते." पाहुणे लगेच हौसेने म्हणतात, "अरे वा, मग होऊन जाऊ दे एखादं." आत्या हातातला कप बशीत ठेवते आणि म्हणते, "मला सूर लागत नाही. मी ट्रक लावते."

ते खरंच आहे. गायक एका शहरातून दुसऱ्या शहरात जातो, झोतात उभा राहतो, हात वर करतो आणि लोक वेडे होतात. त्याच्या कितीतरी आधी तिथे एक ट्रक आणि एक बस पोचलेली असते. ट्रकमध्ये चाकांच्या काळ्या पेट्या, पेट्यांमध्ये स्पीकर, दिवे आणि वायरींची भेंडोळी. बसमध्ये ते सगळं उतरवणारी, टांगणारी, जोडणारी, आणि कार्यक्रम संपला की उलट्या क्रमाने पुन्हा पेट्यांत घालणारी माणसं. ती माणसं कुठे झोपतील, काय खातील, कुठल्या दाराने सामान आत नेतील, आणि ते दार पेटीपेक्षा अरुंद निघालं तर कुणाशी भांडायचं, हे आत्या बघते.

"म्हणजे तू नेमकं करतेस काय?" बाबांनी एकदा विचारलं होतं.

"गाणं सोडून बाकी सगळं."

"म्हणजे हमाली."

"हमालाला ओझं खाली ठेवता येतं, दादा."

याची सुरुवात कॉलेजात झाली. वार्षिक कार्यक्रमात सूर नसलेल्यांना खुर्च्या लावायला दिल्या होत्या. सगळ्या लावून झाल्यावर आत्याच्या लक्षात आलं की मधल्या रांगेतल्या माणसाला मध्येच उठायचं झालं तर वाटच नाही. बाकीच्या मुली वेण्या सावरत नाच बघायला गेल्या होत्या. तिने एकटीने सगळ्या खुर्च्या उचलून पुन्हा लावल्या. त्यानंतर तिला कुणी दुसरं काम दिलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही. लग्न केलं नाही. त्याबद्दल आई एकदा तिला म्हणाली होती, "बरंच केलंस. नवऱ्याला पेटीत घालून खाली चाकं लावली असतीस." आत्या पहिल्यांदा मनापासून हसली आणि मग म्हणाली, "वर 'नाजूक' अशी चिठ्ठीपण चिकटवली असती."

तिचं हसणं असं क्वचित. चिडणं रोजचं. ती आवाज चढवत नाही. चिडली की शब्द सुटे सुटे बोलते, भाजीवाल्याने नाणी मोजून हातावर ठेवावीत तसे. तिच्या माणसांना तो सूर ओळखता येतो. ती सगळी तिला ताई म्हणतात, तिच्याहून मोठी असलेलीसुद्धा.

त्यांतल्या तिघांची ओळख करून द्यायला हवी. आवाज सांभाळतो त्याला सगळे कानसेन म्हणतात. बसमध्ये कुठेतरी एक स्क्रू खडखडत असेल तर तो कुठला, हे कळल्याशिवाय त्याला डोळा लागत नाही, आणि कळला की बाकीच्यांना उठवून दाखवतो. दिवे बघते ती ठिणगी. मनगटांवर भाजल्याचे जुने डाग, खिशात काळी चिकटपट्टी, आणि जिथे जाईल तिथे आधी छताकडे बघायची सवय. कुणाच्या घरी गेली तर घरच्यांना वाटतं, हिला कोळ्याची जाळी दिसली. तिसरे ट्रक चालवणारे ड्रायव्हरकाका. सगळ्यांत वडील, सगळ्यांत मितभाषी. बोलले तर ट्रकबद्दल बोलतात, तेही घरातल्या सुनेबद्दल बोलावं तसं, थोडं कौतुक, थोडी तक्रार.

मागच्या दौऱ्यात एका सकाळी नाश्त्याला बसलेले असताना काका आपण होऊन बोलले. "काल ट्रकनेच मला उठवलं," ते हसत म्हणाले. "चाक खडीवर गेलं, खडखड झालं, डोळे उघडले. बघतो तर रस्ता वळलाय डावीकडे आणि आम्ही चाललोय सरळ."

टेबलावर हशा पिकला. कानसेनने खडीचा आवाज नेमका कसा येत होता ते विचारलं. ठिणगी म्हणाली, "काका, ट्रकला पगार सुरू करा." आत्या हसली नाही. तिचा चमचा ताटलीपासून थोडा वर तसाच राहिला, आणि मग तिने तो अगदी हळू खाली ठेवला. सरळ गेलं असतं तर पुढे काय होतं, हे तिने काकांना विचारलं नाही. तिने त्या दिवशी त्याच रस्त्याने बस परत नेली आणि ते वळण बघून आली. पुढे दरी वगैरे काही नव्हतं. एका माणसाचं घर होतं. अंगणात खाट टाकलेली होती.

तिथून परतताना तिने ठरवलं की पुढच्या दौऱ्यात मधोमध एक दिवस सुट्टी घ्यायची. दिवसभर प्रवास नाही, कार्यक्रम नाही, एक वायरसुद्धा हलवायची नाही.

अशी गोष्ट मिळवायची तर कंपनीतल्या एका गृहस्थांशी भांडावं लागतं. त्यांना तोंडावर सगळे साहेब म्हणतात आणि मागे बजेट. माणूस वाईट नाही. प्रत्येक गोष्ट शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो, समोरच्याला पाणी विचारतो, आणि मग नाही म्हणतो.

"मॅडम, दिवस रिकामा जाईल."

"रिकामाच जायला हवा आहे."

"पण त्या दिवशी माणसं करणार काय?"

"झोपतील."

"झोप तर रोजचीच असते."

"बसमध्ये. बसून. तुम्ही एकदा झोपून बघा."

"मला प्रवासात झोप लागत नाही," बजेट म्हणाले, आणि हे आपल्याच अंगावर आलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हे भांडण दौऱ्याची आखणी संपेपर्यंत चाललं. त्या दिवसांत आत्या आमच्याकडे जेवायला आली की जेवण होऊन हात वाळेपर्यंत तोच विषय. बाबा वैतागून म्हणायचे, "अगं, त्या लोकांना सुट्टी हवी आहे का, हे तरी विचारलंस का?" आत्या म्हणायची, "त्यांना विचारलं तर ते नको म्हणतील. म्हणून तर मी मागतेय."

शेवटी बजेटनी मधला मार्ग काढला. या दौऱ्यात प्रयोग म्हणून एक दिवस सुट्टी. ते स्वतः सोबत येऊन बघणार. फरक दिसला तर पुढच्या प्रत्येक दौऱ्यात सुट्टी कायम. नाही दिसला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. "बघू," ते म्हणाले. हा एक शब्द ऐकला की आत्याच्या कपाळाची शीर उडते. पण तिने हो म्हटलं.

सुट्टीचा मुक्काम एका साध्या हॉटेलात होता. लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, भिंती इतक्या पातळ की शेजारच्याने कूस बदललेली कळावी. आदल्या संध्याकाळी आत्याने बसमध्ये उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं, "उद्या कुणी काही करायचं नाही. कपडे धुवा. घरी फोन करा. नखं कापा. बाकी झोपा."

"नखं कापून झाली की?" कानसेनने विचारलं.

"पायाची कापायची."

"आणि काका?"

"काकांनी फक्त झोपायचं." कारण सुट्टीच्या दिवशीच संध्याकाळी काका ट्रक घेऊन निघणार होते, रात्रभर चालवून सकाळी पुढच्या शहरात पोचायला. त्या सुट्टीतली सगळ्यांत मोठी झोप त्यांची होती.

सकाळी आत्या खाली जेवणघरात कोपऱ्यातल्या टेबलावर फोन आणि चार्जर घेऊन बसली. पुढच्या शहरातल्या सभागृहाच्या मालकांना आवाज कमी करून हवा होता, अजून कुणी केलेलाच नसताना. ड्रमवाल्याला तीच खुर्ची हवी होती जी त्याने गेल्या वेळी तोडली होती. गायकाच्या मावशीला पुढच्या रांगेत जागा हवी होती, पण स्पीकरपासून लांब. "पुढची रांग आणि स्पीकर, हे नवरा-बायको आहेत, मावशी," आत्या सांगत होती, "एकाला बोलवलं की दुसरा येतोच." मध्ये ठिणगी पाण्याची बाटली भरायला आली, तिच्याकडे बघून गेली. काका दारातून डोकावले.

"ताई, बसलात होय?"

"तुम्ही झोपा, काका."

"हो हो."

दुपारी जेवणाची ताटं झाकून ठेवलेली तशीच राहिली. आत्याला बरं वाटलं. झोपलीत पोरं, उठतील तेव्हा जेवतील. ती समाधानाने वर गेली, नुसतं बोळातून चालत जाऊन शांतता ऐकून यायची म्हणून. शांतता जरा जास्तच होती. कानसेनच्या खोलीचं दार अर्धवट उघडं, आत पलंगावर चादरीची एक घडीसुद्धा मोडलेली नाही. ठिणगीच्या खोलीत दोरीवर मोजे वाळत होते आणि खिडकी सताड उघडी. पुढची खोली रिकामी, त्यापुढची रिकामी. काकांच्या उशीवर डोक्याचा खळगा होता, हात लावून बघितला तर गार.

ती धावत मागच्या आवारात गेली. ट्रकच्या जागी तेलाचे डाग होते आणि त्यावर एक मांजर बसलं होतं.

आधी तिला वाटलं, ट्रक चोरीला गेला. मग त्याहून वाईट विचार आला, की काका न झोपताच लवकर निघून गेले. तिने त्यांना फोन लावला. लागत होता, उचलत नव्हते. ती रस्त्यावर आली आणि तिथेच थांबली, कारण तिला आवाज ऐकू आला.

कुणी वयस्कर बाई बोलत होत्या. माइकवरून येत होता आवाज, पण इतका स्वच्छ की बाई शेजारी बसून सांगतायत असं वाटावं. प्रत्येक शब्दाभोवती थोडी मोकळी जागा होती, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांमध्ये असते तशी. या गावात असा आवाज कुणाच्या मालकीचा असणं शक्य नव्हतं. तो तिचा होता. तिच्या ट्रकमधला.

समोरच्या रस्त्याने ती आवाजाच्या दिशेने चालत गेली. एका शाळेच्या फाटकाशी ट्रक उभा होता, मागची दारं उघडी, निम्म्या पेट्या खाली उतरवलेल्या, ज्या हाताला लागल्या त्या. शाळेच्या सभागृहात मुलं मांडी घालून बसली होती आणि मंचावर शाळेच्या ग्रंथपालबाई उभ्या होत्या. निवृत्त होत होत्या. आयुष्यभर मुलांना गप्प बसवण्यात त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक झाला होता की पहिल्या रांगेलाही पोचला नसता. आता शेवटच्या रांगेतली मुलं मान वर करून ऐकत होती. बाईंच्या चेहऱ्यावर मऊ, पिवळसर उजेड पडला होता. तोही आत्याचा.

ती मंचाच्या बाजूच्या पडद्यामागे शिरली. तिथे सगळे होते. कानसेन आवाजाच्या मिक्सरवर वाकलेला, ठिणगी शिडीवर, काका एका पेटीवर बसून टाळ्यांची वाट बघत असलेले.

"हे. काय. आहे," आत्या म्हणाली.

"हळू, ताई," कानसेन कुजबुजला. "माइक चालू आहे."

त्यामुळे तिला सगळा राग कुजबुजत काढावा लागला. तिच्या म्हणण्याप्रमाणे आयुष्यात इतका अपमान तिचा कधी झाला नव्हता.

"तुला झोपायला सांगितलं होतं."

"झोपलो होतो. शिट्टी यायला लागली. यांचा माइक आणि यांचे स्पीकर समोरासमोर, तालीम सुरू, दर वाक्याला शिट्टी. कानात सुई घातल्यासारखं होत होतं."

"मग खिडकी लावायची."

"लावली होती. तरी येत होती."

"उशी घ्यायची कानावर."

"उशीतूनपण येत होती. म्हटलं नुसतं जाऊन स्पीकर फिरवून येतो. आलो तर स्पीकर फाटलेला. आता फाटलेला स्पीकर फिरवून काय करणार?"

"आणि तू?" आत्याने शिडीकडे बघितलं.

"मला यानेच बोलावलं," ठिणगी वरूनच कुजबुजली. "बाईंच्या डोक्यावर एक ट्यूबलाइट होती, तीपण लुकलुकणारी. ताई, त्या बोलत होत्या आणि मध्येच दिसेनाशा होत होत्या. असं कसं सोडायचं?"

"काका, तुम्ही तरी."

काका उभे राहिले. "ट्रकची किल्ली माझ्याकडे. पेट्या इथवर ढकलत आणल्या असत्या तर चाकं गेली असती. म्हटलं, आणून लावतो गाडी आणि जाऊन पडतो."

"मग गेला का नाहीत?"

"बाई बोलायला लागल्या ना. मध्येच उठून जायचं बरं दिसत नाही."

बाहेर मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या आडोशाने आत्याने आवाज थोडा वाढवला. "मी त्या माणसाशी महिनोन् महिने डोकं फोडलं. कशासाठी? तुम्ही एक दिवस काही करू नये म्हणून. एक दिवस. आणि तुम्ही काय करता, तर कार्यक्रम लावता. फुकटात. ज्यात गाणंपण नाही असा."

"हा आरामच होता, ताई," कानसेन म्हणाला. "इथे कुणी घाई करत नाही. चहापण दिला."

"याला आराम म्हणत नाहीत."

शिडीवरून उतरून ठिणगी जमिनीवर आली. ती थोडा वेळ चिकटपट्टीचं टोक नखाने उकलत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही तरी कुठे झोपलात? सकाळी मी पाणी घ्यायला आले तेव्हा तुम्ही फोनवर. नंतर परत आले तर फोनवर. आम्ही सगळे एकेक करून येऊन बघून गेलो. तुम्ही खाली राबताय आणि आम्ही वर घोरतोय, हे कसं वाटतं माहितीये? पलंगावर पडलं तरी अंग ताठच राहतं. शिट्टी आली तेव्हा खरं सांगू का, सुटल्यासारखं झालं."

आत्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पडदा बाजूला झाला. बजेट होते. त्यांच्या हातात शाळेचा चहा होता. त्यांनी मिक्सर बघितला, दिवे बघितले, काकांना बघितलं. त्यांचा चेहरा अगदी प्रेमळ झाला.

"वा," ते म्हणाले. "उत्साह आहे माणसांत."

त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

"मी वरच्या लोकांना हेच सांगत होतो, मॅडम. या मंडळींना कामाचीच आवड असते. रिकामं बसवलं की उलट कंटाळतात. तुम्ही प्रयोग करून बघितलात ते उत्तम झालं. आता निदान शंका राहिली नाही."

कानसेनने घसा साफ केला. "साहेब, हे ताईंनीच ठरवलं होतं. सुट्टीतला उपक्रम म्हणून. मन ताजं होतं माणसाचं."

बजेटनी आत्याकडे बघितलं. खोटं बोलायला जागा होती आणि तिच्या माणसाने ती झाडून, पुसून तयार करून दिली होती. हो म्हटलं असतं तर सुट्टी कदाचित वाचली असती, आणि काका संध्याकाळी ठरल्याप्रमाणे निघाले असते.

"काका," आत्या म्हणाली, "आज किती झोप झाली?"

"झाली की."

"किती?"

काकांनी पेटीच्या कडीवर बोट फिरवलं. "पडलो होतो जरा. मग या पोराने दार वाजवलं."

"साहेब," आत्या म्हणाली, "ट्रक संध्याकाळी निघणार नाही. काका झोपतील. पहाटे उजाडल्यावर निघतील."

"म्हणजे उद्या सामान लावायला वेळच उरणार नाही."

"कमी उरेल. कार्यक्रम उशिरा सुरू होईल."

"लोकांना काय सांगायचं?"

"ट्रक चालवणारा माणूस झोपला होता, असं सांगा. खरं आहे."

बजेटनी चहाचा कप कुठे ठेवायचा ते शोधलं, जागा मिळाली नाही, हातातच धरला. "मॅडम, सुट्टी मिळाली तेव्हा यांनी घेतली नाही. आता घेतली नाही म्हणून परत द्यायची? असं कुठे असतं? मला हे वर कळवावं लागेल. आणि पुढच्या दौऱ्याला तुम्हालाच बोलवायचं का, हेही विचारतील."

"कळवा. दोन्ही गोष्टी कळवा. यांना सुट्टीची गरज नाही असं तुम्हाला वाटतंय. यांना सुट्टी घेता येत नाही, साहेब. दोन्हींत फरक आहे. वळणावर तो कळतो."

"कुठल्या वळणावर?"

काका खाली बघत होते. आत्या ते वळण बघून आली होती, हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं, आणि तिने सांगितलं नव्हतं. "आहे एक," ती म्हणाली. "अंगणात खाट असते तिथे."

बजेटना काही कळलं नाही. काकांना कळलं. ते ट्रककडे गेले.

सामान परत भरणं हा पुढचा वैताग. ट्रक भरताना उलटा विचार करावा लागतो. पुढच्या शहरात जे आधी लागणार ते सगळ्यांत शेवटी चढतं, दाराशी. यांनी हाताला येईल ते ओढून काढलं होतं, त्यामुळे राहिलेलंही बाहेर काढून सगळं पहिल्यापासून रचावं लागलं. शाळेची मुलं फाटकाशी जमून बघत होती. ग्रंथपालबाई प्रत्येकाला जाऊन धन्यवाद म्हणत होत्या, इतक्या बारीक आवाजात की कानसेन सोडून कुणाला ऐकू आलं नाही. ट्रकचं दार लागलं तेव्हा ऊन भिंतींवरून उतरलं होतं. सुट्टीचा दिवस संपला होता आणि एकाही माणसाने तो घेतलेला नव्हता.

"आता," हॉटेलच्या बोळात आत्या म्हणाली, "सगळ्यांनी आत."

कुणी हललं नाही. सगळे आपापल्या दाराशी उभे राहिले, बाकावर उभं केलेल्या मुलांसारखे.

"काय झालं?"

"तुम्ही आधी, ताई," काका म्हणाले.

"मला पुढच्या शहरात फोन करायचे आहेत. उशीर होणार हे सांगायचंय. तुमच्याच कृपेने."

"मग आम्हीपण बसतो खाली. सोबत."

"काका, तुम्हाला पहाटे निघायचंय."

"हो ना," काका म्हणाले आणि दाराला टेकून उभेच राहिले. शांत माणूस हट्टाला पेटला की त्याच्याशी कसं वागायचं हे कुणालाच माहीत नसतं. आत्याने ठिणगीकडे बघितलं, ठिणगीने छताकडे बघितलं.

जिन्यावरून बजेट वर येत होते. आत्या त्यांच्यापाशी गेली आणि तिने आपला फोन आणि चार्जर त्यांच्या हातात ठेवला.

"हे काय?"

"दौरा. आज संध्याकाळपुरता तुमच्याकडे. सभागृहाचे मालक फोन करतील, त्यांना उशीर होणार ते सांगा. ड्रमवाल्याला खुर्ची मिळणार नाही. मावशींना जे काय सांगाल ते दोनदा सांगावं लागेल."

"मॅडम, मी हे कसं..."

"बघू," आत्या म्हणाली, आणि खोलीत जाऊन तिने दार लावलं.

त्यानंतर बोळात एकेक करून दारं लागली. ती पलंगावर आडवी झाली. चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या तिने पायानेच सरकवल्या. छताला एक डाग होता. ती म्हणते, त्या डागाचा आकार तिला आजही काढून दाखवता येईल. झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. मनात सभागृहाचं अरुंद दार, उद्याची उशिराची धावपळ, रांगेत ताटकळून शिट्ट्या मारणारे लोक. तिचा हात दर थोड्या वेळाने उशीशेजारी फोन चाचपत होता. आपल्या माणसांवर तिला इतका राग आला होता की त्यातल्या प्रत्येकासाठी तिने एक वेगळं वाक्य तयार करून ठेवलं होतं, सकाळी सुनवायला. कानसेनचं सगळ्यांत लांब होतं.

बराच वेळ गेल्यावर दारावर टकटक झाली.

"मॅडम." बजेटचा आवाज बसला होता. "त्या मावशी चौथ्यांदा विचारतायत. आणि सभागृहवाले म्हणतात, ट्रक मागच्या दाराने येणार की पुढच्या?"

आत्याने फोन चाचपणारा हात अंगाखाली दाबून धरला.

"मॅडम, जाग्या आहात का? फोन सारखा वाजतोय. मला जेवूही दिलं नाही." पाऊल वाजलं, थांबलं. मग दाराच्या फटीजवळून, जरा खालच्या पट्टीत, "त्या सुट्टीचं पुढच्या दौऱ्यात बघू या. म्हणजे, माझ्याकडून हरकत नाही. वर मी सांगतो. आता फोन घेता का?"

एवढं ऐकायला ती किती महिने भांडली होती. एक हाक दिली असती तर झालं असतं. पण तेव्हाच भिंतीपलीकडे, काकांच्या खोलीत, घोरणं सुरू झालं होतं. आधी अडखळत, चढावर गियर बदलावा तसं, आणि मग एकसारखं, भरल्या ट्रकचं असतं तसं. दाराबाहेर बजेट अजून उभे होते. आत्याचा एक हात अंगाखाली दबून मुंग्या आल्या होत्या, आणि तिला कूस बदलायची होती. पलंग जुना होता. करकरला असता. ती तशीच पडून राहिली.